‘सेशन उडतंय’ म्हणजे नेमकं काय होतंय? पीएचपीतल्या आपोआप लॉगआउटचा छडा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "सारखं लॉगआउट होतंय." बोरिवलीतल्या सोसायटीच्या पोर्टलवर मेंटेनन्स भरणारे काका हेच म्हणतात, भिवंडीच्या गोदामात स्टॉक चढवणारा ऑपरेटर हेच म्हणतो आणि दादरच्या क्लासमध्ये हजेरी लावणाऱ्या मॅडमही हेच म्हणतात. वाक्य एक असलं तरी आजार किमान सात-आठ आहेत. औषध मात्र बहुतेक ठिकाणी एकच दिलं जातं: सेशन किती सेकंद जपायचं ते सांगणारं जीसी_मॅक्सलाइफटाइम हे सेटिंग १४४० होतं ते ८६४०० करून टाकायचं. चार दिवस शांतता, मग तोच फोन परत.

म्हणून आधी निदान. साइट ज्या भाषेत लिहिलेली असते त्या पीएचपीची सेटिंग-फाईल, म्हणजे पीएचपी-आयएनआय, उघडायची घाई नको. (खाली फंक्शन आणि सेटिंगची नावं देवनागरीत आहेत, एडिटरमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाईप करायची.)

पावती, बॅग आणि वॉचमन

सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवली की हातात पावती मिळते. पीएचपीचं सेशन तसंच चालतं. सर्व्हरवर एक फाईल बनते, तिचं नाव ‘सेस_’ आणि पुढे लांबलचक आयडी. ही बॅग. तोच आयडी ब्राउझरला कुकी म्हणून दिला जातो, मूळ नाव पीएचपीसेसआयडी. ही पावती. पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला ब्राउझर पावती दाखवतो, सेशन_स्टार्ट() ती बघून बॅग शोधतं आणि आतला ऐवज $_सेशन या अ‍ॅरेमध्ये ओततं. युजर लॉगिन आहे की नाही हे मात्र पीएचपी ठरवत नाही. ते तुमचा कोड ठरवतो. तो दारावरचा वॉचमन.

लॉगआउट झालं म्हणजे तीनपैकी एक घडलं: पावती काउंटरवर पोचलीच नाही, पावती पोचली पण बॅग जागेवर नव्हती, किंवा पावती-बॅग दोन्ही असून वॉचमनने अडवलं. या तिन्हींची औषधं वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की काहीच होत नाही किंवा जास्त बिघडतं.

छडा लावायला लॉगच्या दोन ओळी पुरतात. पहिली सेशन_स्टार्ट() च्या आधी: वेळ, रिक्वेस्ट गेट (पान मागणारी) की पोस्ट (मजकूर पाठवणारी), यूआरएल, आलेल्या कुकीतली पहिली सहा अक्षरं (कुकी नसेल तर ‘नाही’), त्या आयडीची फाईल आहे का, असेल तर किती बाइटची आणि शेवटचा हात लागून किती सेकंद झाले. दुसरी सेशन_स्टार्ट() च्या नंतर: आता आयडीची पहिली सहा अक्षरं कोणती आणि युजर आयडीचा रकाना भरलेला आहे का. एक काळजी घ्या: कुकीतला मजकूर बाहेरून येतो, त्यामुळे फाईल शोधण्याआधी त्यात फक्त अक्षरं, आकडे, स्वल्पविराम आणि हायफन आहेत याची खात्री करा. नाहीतर निदानाच्या नादात सर्व्हरवरची भलतीच फाईल चाचपायची सोय तुम्हीच करून द्याल.

मग लॉग असा दिसतो:

११:४२:०७ पोस्ट /पेमेंट/परत कुकी=नाही
११:४२:०७ नंतर आयडी=k9d2pq युजर=रिकामा

ही ओळ वाचली की अर्धं काम संपलं. कुकी ‘नाही’ असेल तर पावतीचा घोळ. कुकी आहे, फाईल नाही, तर बॅग कोणीतरी उचलली. कुकी आहे, फाईल आहे, तीनचारशे बाइटची आहे आणि तरी युजर लॉगिनच्या पानावर गेला, तर वॉचमनला धरा. फाईल आहे पण ० बाइटची, हा थोडा फसवा प्रकार. यूझ_स्ट्रिक्ट_मोड बंद असेल (मुळात ते बंदच असतं) तर हरवलेल्या बॅगेच्या जागी पीएचपी त्याच आयडीची नवी, रिकामी बॅग ठेवतं. म्हणजे आधीच्या एखाद्या रिक्वेस्टला फाईल गायब झाली होती. लॉगमध्ये थोडं मागे जाऊन बघा.

चोवीस मिनिटांचं गणित

जीसी_मॅक्सलाइफटाइम मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. ‘जेवून आलो आणि लॉगआउट’ ही तक्रार इथली. पण हा आकडा म्हणजे गजर लावलेलं घड्याळ नव्हे. "एवढ्या वेळात हात न लागलेली फाईल कचरा समजायला हरकत नाही," इतकंच तो सांगतो. कचरा प्रत्यक्षात कधी उचलायचा हे वेगळं ठरतं: जीसी_प्रॉबॅबिलिटी भागिले जीसी_डिव्हायझर. मुळात १ भागिले १००, म्हणजे साधारण शंभर सेशन-सुरुवातींमागे एकदा झाडू फिरतो. प्रत्यक्ष चालू साइटसाठीच्या नमुना आयएनआय फाईलमध्ये तेच १ भागिले १००० असतं. फाईल वाचताना तिचं वय कोणी तपासत नाही. त्यामुळे रविवारी दुपारी साइटवर कोणी नसेल तर तीन तास जुनं सेशनही मजेत चालतं, आणि सोमवारी सकाळी गर्दीत पंचविसाव्या मिनिटाला उडतं. "कधी होतं, कधी होत नाही" यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींवर यात आणखी एक गाठ. तिथे प्रॉबॅबिलिटी ० ठेवलेली असते, कारण /व्हार/लिब/पीएचपी/सेशन्स या फोल्डरवरचे हक्क असे बांधलेले असतात की वेब सर्व्हरच्या युजरला आतली यादीच दिसत नाही. झाडू मारायचं काम सेशनक्लीन नावाची वेगळी स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाने करते. ती स्क्रिप्ट मॅक्सलाइफटाइमचा आकडा आयएनआय फाईलमधून घेते. तुम्ही कोडमध्ये आयनी_सेट() करून ८ तास दिलेत, किंवा एफपीएमच्या (पीएचपी चालवणाऱ्या सर्व्हिसच्या) पूल फाईलमध्ये, किंवा एचटीअ‍ॅक्सेसमध्ये, तरी तिला त्याचा पत्ता नसतो. पीएचपी-इन्फोच्या पानावर २८८०० दिसतं, डेव्हलपर शपथेवर सांगतो की सेटिंग लागलंय, आणि फाईल चोवीस मिनिटांनंतरच्या पहिल्या फेरीत उडते. आकडा मुख्य आयएनआय फाईलमध्येच बदला.

कोडमधून सेव्ह_पाथ बदलून स्वतःचं फोल्डर वापरायचं असेल तर उलटी अडचण: तिथे सेशनक्लीन येत नाही, प्रॉबॅबिलिटी ० असल्याने पीएचपीही झाडत नाही. काही महिन्यांत लाखो छोट्या फाईली साचतात. डिस्क भरलेली दिसत नाही, पण आयनोड (प्रत्येक फाईलमागे डिस्कवर लागणारी नोंदीची जागा) संपतात, आणि मग नवीन सेशन लिहिलंच जात नाही. अशा वेळी डीएफ कमांड ‘-आय’ लावून चालवली की खरं चित्र दिसतं. उपाय म्हणजे त्या साइटपुरती प्रॉबॅबिलिटी १ करायची, किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीतून) सेशन_जीसी() चालवायचं. हे फंक्शन पीएचपी ७.१ पासून आहे. सेव्ह_पाथमध्ये ‘२;’ वगैरे लिहून उपफोल्डरांची उतरंड केली असेल तर मात्र पीएचपीचा स्वतःचा झाडू तिथे चालत नाही, क्रॉनमध्ये जुन्या फाईली शोधून पुसणारी फाइंड कमांडची ओळ लिहावीच लागते.

स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर अजून एक शेजारी भेटतो. एकाच युजरखाली चार साइट चालत असतील आणि सगळ्यांचा सेव्ह_पाथ /टीएमपी (तात्पुरत्या फाईलींचं फोल्डर) असेल, तर झाडू ज्याचा त्याचा पण अंगण सगळ्यांचं. तुमच्या साइटला ८ तास आणि शेजारच्या जुनाट साइटला १४४०. तिचा झाडू फिरला की तुमच्याही फाईली जातात, कारण फाईल कोणाची हे तो विचारत नाही. सर्वांत कमी मुदतवाला जिंकतो. प्रत्येक साइटला वेगळा सेव्ह_पाथ द्या, आणि तो पब्लिक फोल्डरच्या बाहेर.

/टीएमपी बद्दल आणखी एक. लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने एफपीएमला ‘प्रायव्हेट टीएमपी’ दिलेलं असेल तर सर्व्हिस थांबली की ते फोल्डर पुसलं जातं. रात्री सर्व्हिस रिस्टार्ट करणारा क्रॉन असेल तर सकाळी सगळे बाहेर. डॉकरमध्ये कंटेनर नव्याने उभा केला की तेच. डिप्लॉय झाल्या-झाल्या, म्हणजे नवा कोड चढवल्यावर लगेच, तक्रारींचा लोंढा येत असेल तर इथे बघा.

कुकीची मुदत वाढत नाही

हा सापळा अनुभवी माणसालाही फसवतो. मॅक्सलाइफटाइम आणि कुकी_लाइफटाइम दोन्ही १८०० केलं, वाटलं की ‘अर्धा तास काही केलं नाही तर लॉगआउट’ अशी सोय झाली. झालं असं की युजर सतत काम करत असला तरी लॉगिनपासून बरोबर तिसाव्या मिनिटाला बाहेर. कारण पीएचपी कुकी फक्त नवा आयडी देताना पाठवतं. पावती आधीच हातात असेल तर तिच्यावर नवी तारीख मारून देत नाही. फाईलची मुदत प्रत्येक क्लिकला पुढे सरकते, कुकीची सरकत नाही.

बहुतेक कामांसाठी कुकी_लाइफटाइम ० ठेवा, म्हणजे ब्राउझर बंद होईपर्यंत. निष्क्रियतेची मुदत स्वतः मोजा: प्रत्येक रिक्वेस्टला $_सेशन मध्ये टाइम() लिहायचं, पुढच्या वेळी फरक बघायचा. फाईलवरचा मॅक्सलाइफटाइम त्याहून थोडा जास्त. म्हणजे मुदतीचा निर्णय तुमच्या हातात, झाडूवाल्याच्या नाही. फक्त हे लक्षात असू द्या की क्रोममध्ये ‘जिथे सोडलं तिथून सुरू करा’ चालू असेल तर ब्राउझर बंद करूनही अशी कुकी परत येते. सुरक्षिततेसाठी ० वर विसंबू नका.

‘मला लक्षात ठेव’ ही वेगळी सोय आहे. ती सेशनची मुदत महिनाभर ताणून करू नये. रँडम_बाइट्स(३२) मधून टोकन काढा, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा) ठेवा, वेगळ्या कुकीत टोकन द्या आणि प्रत्येक वापरानंतर ते बदला.

पैसे भरून परत आलो आणि लॉगिन मागतंय

सगळ्यात महागडी तक्रार ही. पैसे खात्यातून गेलेले असतात, पोर्टल म्हणतं ‘कृपया लॉगिन करा’, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरीची खैर नसते.

वाट अशी: तुमची साइट, मग पेमेंट गेटवे, मग बँकेचं ओटीपीचं पान, मग गेटवे, मग परत तुमची साइट. शेवटची उडी बरेच गेटवे पोस्ट रिक्वेस्टने मारतात. कुकीवरचं सेमसाइट हे लेबल नेमकं इथे आडवं येतं. लेबल ‘लॅक्स’ असेल तर दुसऱ्या साइटवरून आलेल्या गेट उडीबरोबर कुकी जाते, पोस्टबरोबर जात नाही. पीएचपी स्वतःहून कुठलंच लेबल लावत नाही, पण फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून लेबल नसलेली कुकी लॅक्स धरली जाऊ लागली.

आता गंमत बघा. लेबल नसलेल्या कुकीसाठी क्रोमने एक पळवाट ठेवली: कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर पोस्टबरोबरही जाऊ द्यायची. डेव्हलपर तपासताना लॉगिन करतो, टेस्ट कार्डचा नंबर चिकटवतो, चाळीस सेकंदांत परत येतो. सगळं ठीक. खरा माणूस लॉगिन करतो, बिल वाचतो, चष्मा शोधतो, ओटीपीची वाट बघतो. पाच मिनिटांनी परत येतो तेव्हा पावती गेलेली. ‘आमच्याकडे तर चालतंय’ या वाक्याला इतकं नेमकं तांत्रिक स्पष्टीकरण क्वचित मिळतं.

नुकसान इथे थांबत नाही. कुकी आली नाही म्हणून परतीच्या पानावरचं सेशन_स्टार्ट() नवा आयडी काढतं आणि नवी कुकी पाठवतं. तिचं नाव तेच, म्हणून ती जुन्या पावतीवर बसते. आता दुसऱ्या टॅबमध्ये उघडं असलेलं पोर्टलही लॉगआउट. जुनी बॅग सर्व्हरवर शाबूत असते, पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता पुसलेला.

नेटवर लगेच सापडणारा उपाय म्हणजे सेमसाइट ‘नन’ आणि सोबत सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवरच पाठवा, अशी खूण). चालतो, पण एका परतीच्या पानासाठी सगळ्या पोर्टलचं दार उघडं टाकतो. बरा मार्ग असा: परतीच्या पानावर सेशन सुरूच करू नका. आलेल्या मजकुराची सही गेटवेच्या नियमाने तपासा, ऑर्डर नंबरवरून डेटाबेसमधली नोंद अद्ययावत करा, आणि ३०३ (दुसऱ्या पानाकडे वळवणारं उत्तर) देऊन पैसे मिळाल्याची पोच दाखवणाऱ्या स्वतःच्या पानावर पाठवा. ती उडी गेट असते, लॅक्स कुकी तिच्याबरोबर येते, युजर लॉगिन असलेलाच दिसतो. लेबल ‘स्ट्रिक्ट’ ठेवलं असेल तर मात्र हे चालणार नाही, कारण साखळीची सुरुवात परक्या साइटवर झालेली असते. तिथे मध्ये एक साधं पान ठेवून त्यावरून पुढे न्यावं लागतं.

आणि कोणाचं बिल भरलं गेलं हे सेशनमधून कधीच काढू नका. यूपीआयने पैसे देणारा माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो आणि परत ब्राउझरकडे येईलच असं नाही. गेटवेचा वेबहुक, म्हणजे व्यवहाराचा आपोआप येणारा निरोप, सर्व्हरकडून सर्व्हरला येतो, त्याच्याकडे कुठलीच कुकी नसते. ऑर्डर नंबर आणि सही, एवढाच आधार.

लेबल लावायची रीत: पीएचपी ७.३ पासून सेशन_सेट_कुकी_पॅराम्स() ला अ‍ॅरे देता येतो, त्यात ‘सेमसाइट’ लिहायचं. हे सेशन_स्टार्ट() च्या आधी. नंतर लिहिलं तर त्या कुकीला लागत नाही.

चालत्या लोकलमधला आयपी

वॉचमनच्या चुकांमध्ये ही पहिली. कोणीतरी कधीतरी ‘सुरक्षेसाठी’ सेशनमध्ये आयपी अ‍ॅड्रेस ठेवतं आणि तो बदलला की बाहेर काढतं. ऑफिसच्या लीज लाइनवर हे वर्षानुवर्षं खपतं. मग तेच पोर्टल मोबाईलवर जातं. माणूस घरच्या वायफायवर लॉगिन करतो, जिना उतरताना मोबाईल डेटावर येतो, स्टेशनच्या वायफायला फोन आपोआप चिकटतो, गाडी सुटली की परत डेटा. चारदा आयपी बदलला. एकाच जागी बसूनही बदलतो: फोनला आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ दोन्ही असतात, एक रिक्वेस्ट इकडून जाते, दुसरी तिकडून. उलट मोबाईल कंपनीच्या सामायिक आयपीमागे हजारो ग्राहक एकत्र असतात, म्हणजे ‘आयपी तोच म्हणून माणूस तोच’ हेही खरं नाही.

साइट क्लाउडफ्लेअर किंवा लोड बॅलन्सर अशा मध्यस्थामागे (प्रॉक्सीमागे) असेल तर पाठवणाऱ्याचा आयपी सांगणाऱ्या रिमोट_अ‍ॅड्रमध्ये युजरचा नाही, प्रॉक्सीचा आयपी दिसतो, आणि तो कधीही बदलतो. ही तपासणी काढून टाका. तिच्याऐवजी पासवर्ड बदलणं, बँक खातं जोडणं अशा नाजूक कामांच्या वेळी पासवर्ड पुन्हा मागा.

आयडी बदलण्याचा अतिरेक

लॉगिन यशस्वी झाल्यावर सेशन_रीजनरेट_आयडी() बोलवायलाच हवं. नाहीतर कोणी आधीच पेरून ठेवलेल्या आयडीवर युजर लॉगिन होतो आणि पेरणारा आत शिरतो. काही जण मात्र हे प्रत्येक रिक्वेस्टला करतात, वर ‘ट्रू’ देऊन जुनी फाईलही पुसतात. मग डॅशबोर्ड उघडला की तो एकदम पाच-सहा एजॅक्स (पान न बदलता मागच्या मागे जाणाऱ्या) रिक्वेस्ट सोडतो, सगळ्या जुनी पावती घेऊन. पहिलीने आयडी बदलला, जुनी बॅग फोडली; मागून आलेल्या पाचजणी रिकाम्या काउंटरसमोर. त्यांतल्या कोणाच्या उत्तराबरोबर नवी रिकामी पावती शेवटी आली तर युजर बाहेर.

मोबाईलवर एजॅक्स नसतानाही होतं. सर्व्हरने आयडी बदलून उत्तर पाठवलं, तेवढ्यात मेट्रो ३ च्या भुयारात रेंज गेली. नवी कुकी पोचली नाही, जुनी फाईल पुसलेली. रेंज आल्यावर फोन जुनी पावती दाखवतो.

आयडी लॉगिनला आणि हक्क वाढताना बदला, हवं तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा. त्या वेळी जुनी फाईल लगेच पुसू नका. तिच्यात ‘रद्द केल्याची वेळ’ लिहा, काही मिनिटं चालू द्या, त्यानंतर ती घेऊन कोणी आलं तर अडवा.

याच्याशी जोडलेली तक्रार आहे ‘पान फिरतच राहतं’. फाईलवालं सेशन उघडलं की पीएचपी त्यावर कुलूप घालतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत काढत नाही. वर्षभराचा ताळेबंद एक्सेलमध्ये काढायला दीड मिनिट लागत असेल तर त्या युजरचे बाकीचे सगळे टॅब दीड मिनिट थांबतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची पीएचपीच्या उत्तरासाठी थांबायची (फास्टसीजीआयची) मूळ मुदत ६० सेकंद, म्हणजे मध्येच ५०४ (वेळ संपल्याचा एरर) येतो, आणि वैतागून युजर परत लॉगिन करतो. सेशनमधून हवं ते वाचून झालं की जड काम सुरू करण्याआधी सेशन_राइट_क्लोज() लिहा. फक्त वाचायचंच असेल तर सेशन_स्टार्ट() ला ‘रीड_अँड_क्लोज’ द्या, पीएचपी ७ पासून आहे. पण त्याने फाईलची वेळ पुढे सरकत नाही. सगळ्या पानांवर तेच लावलं तर युजर काम करत असताना बॅग शिळी होते आणि झाडूत जाते.

साडेपाच तासांचं भूत

लॉगिन केल्या क्षणी बाहेर, किंवा मुदत कधी संपतच नाही, आणि फरक नेमका १९८०० सेकंदांचा. हा आकडा लॉगमध्ये दिसला की हसू यायला हवं: साडेपाच तास, भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांमधलं अंतर. क्लाउडवरचा सर्व्हर, अगदी मुंबई रीजनमधलाही, बहुधा यूटीसीवर उठतो. मायएसक्यूएलला कोणी ‘+०५:३०’ दिलेलं असतं, पीएचपी यूटीसीवर. शेवटच्या हालचालीची वेळ डेटाबेसच्या नाऊ() ने लिहिली आणि पीएचपीच्या स्ट्रटोटाइम() ने वाचली की ती साडेपाच तास भविष्यातली निघते. सेशन मरत नाही. उलट जोडी असेल तर ते जन्मतःच मेलेलं.

टाइम() चा आकडा टाइमझोनवर अवलंबून नाही. तोच पूर्णांक म्हणून साठवा, तोच वजा करा. दाखवायचा असेल तेव्हाच आशिया/कोलकाता लावा.

किरकोळ, पण रोजचे

लॉगिन झालं पण पुढच्या पानावर नाही, असं असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये बघा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ सह लॉगिन आणि त्याविना पुढचं पान, हे दोन वेगळे पत्ते आहेत; एकाची कुकी दुसऱ्याला जात नाही. सर्व्हरवरच एका रूपाकडे ३०१ (कायमचं वळण) लावा. कुकी सिक्युअर आणि पान साध्या एचटीटीपीवर असेल तरी पावती जात नाही.

लोकलहोस्टवर दोन प्रोजेक्ट एकदम चालवताना एकाचं लॉगिन दुसऱ्याला उडवत असेल तर दोघांच्या कुकीचं नाव एकच आहे. सेशन_नेम() वेगळं द्या.

मराठी साइटवर हमखास भेटणारा प्रकार म्हणजे बीओएम. मराठी लेबलांची फाईल जुन्या नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटतात. ती फाईल सेशन_स्टार्ट() च्या आधी इन्क्लूड झाली की ते बाइट आउटपुट म्हणून बाहेर पडतात, हेडर निघून जातात आणि कुकी पाठवताच येत नाही. स्वतःच्या संगणकावर पीएचपी चालवणाऱ्या एक्सएएमपीपीवर आउटपुट_बफरिंग ४०९६ असल्याने घरी काही दिसत नाही. लाइव्हवर बफरिंग बंद आणि एरर दाखवणंही बंद, म्हणून तिथे नुसतं लॉगिन होत नाही. एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय’ सेव्ह करा, आणि निव्वळ पीएचपी असलेल्या फाईलच्या शेवटी बंद करायचा टॅग लिहूच नका.

दोन सर्व्हर झाले की

एक सोडून एका क्लिकला लॉगआउट होत असेल तर साइट दोन सर्व्हरवर गेलीय आणि बॅगा ज्याच्या त्याच्या डिस्कवर आहेत. दादरच्या क्लोकरूमची पावती घेऊन ठाण्याला उभं राहिल्यासारखं. सेशन रेडिसमध्ये (सगळ्या सर्व्हरना सामायिक, मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्यात) हलवा: सेव्ह_हँडलर ‘रेडिस’, सेव्ह_पाथमध्ये पत्ता आणि पोर्ट ६३७९. इथे झाडूचा प्रश्न मिटतो, प्रत्येक नोंदीला मॅक्सलाइफटाइमएवढीच नेमकी मुदत लागते. त्यामुळे फाईलींवर ‘कधीकधी’ चालणारा १४४० चा आकडा इथे काटेकोर होतो; हलवल्यावर तक्रारी वाढल्या तर दचकू नका, आकडा वाढवा.

दोन गोष्टी राहून जातात. पीएचपी-रेडिसमध्ये कुलूप मुळात बंद असतं, लॉकिंग_एनेबल्ड मुद्दाम १ करावं लागतं. नाही केलं तर समांतर रिक्वेस्ट एकमेकींचं लिखाण पुसतात: कार्टमधली वस्तू गायब, किंवा लॉगिनचा रकानाच जुन्या प्रतीने झाकला जातो. दुसरं, साइटचा कॅश (पुन्हा लागणाऱ्या माहितीच्या तात्पुरत्या प्रती) आणि सेशन एकाच रेडिसमध्ये ठेवून मेमरी धोरण ‘ऑलकीज-एलआरयू’ (बराच वेळ न वापरलेली कुठलीही नोंद काढून टाका) दिलं असेल तर मेमरी भरली की कॅशसोबत लॉगिन झालेली माणसंही बाहेर फेकली जातात. सेशनला वेगळा रेडिस द्या.

दुरुस्ती झाली हे कसं कळणार

आठ तास वाट बघत बसायचं नाही. चाचणीच्या सर्व्हरवर मॅक्सलाइफटाइम ६० करा, प्रॉबॅबिलिटी आणि डिव्हायझर दोन्ही १, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला झाडू. डेबियनच्या मूळ फोल्डरमध्ये पीएचपीला यादीच दिसत नाही, तेव्हा या चाचणीपुरता सेव्ह_पाथ वेगळा द्या. दोन ब्राउझर घ्या, एकात दर वीस सेकंदांनी क्लिक करा, दुसरा नव्वद सेकंद सोडून द्या. पहिला टिकला आणि दुसरा बाहेर गेला की बॅगेचा भाग ठीक. पेमेंटची वाट तपासताना ओटीपीच्या पानावर तीन मिनिटं मुद्दाम थांबा. मोबाईलवर लॉगिन करून वायफाय बंद-चालू करा. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग ‘स्लो’ करून डॅशबोर्ड पाचसात वेळा रीफ्रेश करा.

मुद्दाम केलेलं लॉगआउटही याच फेरीत तपासा. नुसतं सेशन_डिस्ट्रॉय() लिहिलं की फाईल जाते, पण कुकी ब्राउझरमध्ये राहते. $_सेशन रिकामा करा, कुकी ज्या पाथ आणि डोमेनने दिली त्याच पाथ-डोमेनने मागची तारीख टाकून परत पाठवा, मग डिस्ट्रॉय. पाथ चुकला तर कुकी पुसली जात नाही, ब्राउझरमध्ये तशीच राहते. यूझ_स्ट्रिक्ट_मोड, एचटीटीपीओन्ली (जावास्क्रिप्टला कुकी न दाखवणारं सेटिंग) आणि सिक्युअर तिन्ही १ करून ठेवा.

सगळं जमलं की सुरुवातीला घातलेल्या लॉगच्या त्या दोन ओळी काढा. सहा अक्षरांवरून कोणी आत शिरणार नाही, पण गडबडीत कोणीतरी अख्खा आयडी लिहिलेला असतो, आणि ती लॉग फाईल मग बॅकअपमध्ये, तिथून व्हेंडरच्या मेलमध्ये जाते.